पगार, बारदानासकट

लग्नाचा बाजार आणि नोकरीचा बाजार यांत एक गोष्ट सारखी आहे. दोन्हीकडे आकडा मोठ्याने सांगतात आणि अटी हळू आवाजात. लग्नाच्या बाबतीत लोक आता थोडेफार सावध झाले आहेत. नोकरीच्या बाबतीत मात्र भल्याभल्यांची मती गुंग होते, आणि ज्यांचा धंदाच दुसऱ्याला शहाणपण विकण्याचा आहे त्यांची सर्वांत आधी होते, असे माझे ठाम मत आहे.

हे मत मी पुराव्यानिशी मांडतो. पुरावा म्हणजे माझा भाचा. तो पुण्याच्या एका सल्लागार पेढीत आहे. ही पेढी नेमके करते काय, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "मामा, कंपन्यांचा पैसा कुठं वाया जातो ते आम्ही शोधून देतो." मी म्हटले, "म्हणजे मुनीम." त्याला ते फारसे आवडले नाही. मी स्वतः तीस वर्षे जालन्याच्या मोंढ्यात अडत दुकानावर मुनीम होतो, त्यामुळे मला त्यात काही कमीपणा वाटला नव्हता. फरक एवढाच, की मुनीम गादीवर बसून खर्च शोधतो, आणि सल्लागार विमानात बसून. शिवाय विमानाचे भाडे त्याच खर्चात लावतो!

तर या भाच्याला दुसऱ्या एका सल्लागार पेढीचे बोलावणे आले. सध्याचे पॅकेज साडेतेरा लाख, नवे अठरा लाख. झाले! आमच्या नवीन जालन्यातल्या घरात दिवाळी दुसऱ्यांदा सुरू झाली. जुन्या जालन्यातली मावशी पेढ्यांचा पुडा घेऊन कुंडलिकेचा पूल ओलांडून आली. दाजी म्हणाले, "साडेचार लाख जास्त! ह्यात विचार काय करायचा?" अक्काने तर मुलींकडच्या मंडळींना अठरा सांगूनही टाकले.

आता हेच दाजी मोंढ्यात तूर घालायला गेले, की पोत्याचे वजन किती धरले यावरून हमालाशी दहा मिनिटे वाद घालतात. आमच्याकडे लोखंडाच्या कारखान्यांत भंगाराचा ट्रक आला, की तो भुईकाट्यावर दोनदा चढतो, एकदा भरलेला आणि एकदा रिकामा. ट्रकच्या वजनाचे पैसे कोणी देत नाही आणि कोणी मागतही नाही. जगातल्या सर्व मालाला हा नियम आहे. फक्त पगार तेवढा बारदानासकट मोजतात, आणि त्याला पॅकेज म्हणतात!

मी चष्मा लावून ते पत्र वाचले. अठरा लाखांत कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी १,०८,००० रुपये. ग्रॅच्युइटी ४३,०००. विम्याचा हप्ता २४,०००. 'कामगिरीनुसार' मिळणारे, म्हणजे मिळाले तर मिळणारे, २,७५,०००. आणि रुजू झाल्याबद्दलचे बक्षीस १,५०,०००, जे वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परत करायचे. माझ्या लेखी याला बक्षीस नव्हे, उचल म्हणतात. या सगळ्याची बेरीज सहा लाख. उरले बारा, म्हणजे महिन्याला एक लाख, आणि तेही त्याचा स्वतःचा निधी आणि आयकर कापण्याआधी.

मग जुन्या पगाराचेही बारदान काढले. ते निघाले २,१०,०००. उरले ११,४०,०००, म्हणजे महिना पंचाण्णव हजार. म्हणजे ज्या साडेचार लाखांसाठी मावशी पूल ओलांडून आली, ते महिन्याला पाच हजार निघाले. निधीचा पैसा बुडत नाही, तो आपलाच असतो, हे मला मान्य आहे. पण पोतेही शेतकऱ्याचेच असते. म्हणून ते तुरीच्या भावाने मोजतात का?

खरी मेख पुढे आहे. आपल्याकडे १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यापासून असा नियम चालत आला आहे, की कायम नोकराने सलग पाच वर्षे काढली तरच नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. भाच्याची झाली आहेत सव्वाचार. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा मूळ पगार, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. या हिशेबाने त्याला पाच वर्षांनी सुमारे १,६२,००० रुपये मिळतील. राजीनामा सहा महिन्यांनी दिला, तर नोटिशीचे तीन महिने धरून पाच वर्षे भरतात. म्हणजे दीड लाखाच्या परत करायच्या बक्षिसासाठी हा पठ्ठ्या हक्काचे एक लाख बासष्ट हजार टाकून निघाला होता. आणि धंदा काय, तर पैसा कुठे वाया जातो ते शोधण्याचा!

आता दुसऱ्या बाजूचेही ऐका. राजीनाम्याची कुणकुण लागताच त्याच्या साहेबाने 'आपण एक कुटुंब आहोत' हे कीर्तन लावले. या कीर्तनालाही भुलू नये. आर्थर अँडरसन ही शिकागोची मोठी हिशेबतपासनीस आणि सल्लागार पेढी १९१३ साली निघाली. तिच्याकडे जगभर सुमारे ८५,००० माणसे होती. आपल्या दाभोळला वीज काढायला आलेल्या एन्रॉनचे हिशेब तीच तपासत होती. एन्रॉन बुडाली, आणि २००२ साली ही पेढीही बसली. २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावरचा दोषाचा निकाल रद्द केला, पण तोवर दुकान उठले होते. आयुष्य वाहिलेल्या माणसांना कुटुंब शोधूनही सापडले नाही. तेव्हा जायचे असेल तर खुशाल जावे. नोकरी बदलणे ही काही बेइमानी नव्हे.

माझे भांडण फक्त तराजूशी आहे. दिवाळीला तीन दिवस घरी आलेला हा मुलगा अडीच दिवस लॅपटॉपसमोर होता. अक्काने वाढलेले ताट त्याच्या कोपराशी थंड झाले. अठरा लाखांवर एवढी चर्चा झाली, पण नव्या ठिकाणी रात्रीच्या जेवणाला घरी पोचशील का, हे एकानेही विचारले नाही. 'नवीन कंपनी' या शब्दावरच सगळे खूश. आमच्या नवीन जालन्यात 'नवीन' हा शब्द कित्येक पिढ्यांपूर्वी जुना झाला, तरी त्याची भुरळ उतरत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की नेमणुकीच्या पत्राची पहिली ओळ 'दरमहा हातात इतके रुपये' अशीच असली पाहिजे. बारदान खाली, वेगळ्या रकान्यात लिहावे. आणि घरच्यांनी पेढे आणण्याआधी मुलाला एक प्रश्न त्या पेढीला विचारायला लावावा, की या खुर्चीवरचा आधीचा माणूस का गेला?

भाच्याने तो विचारला. दोन आठवडे झाले, उत्तर नाही. पुढच्या आठवड्यापर्यंत सही करून पाठवा, अशी आठवण मात्र तीनदा आली आहे.