विश्लेषण : लिनक्सचा डेस्कटॉप सजवताना आधी विचारावे की आधी शिकावे?

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते. ती नसलेले जुने संगणक भंगारात काढण्याऐवजी त्यावर लिनक्स टाकण्याचा पर्याय अनेक जण निवडतात. त्यानंतर लगेच मोह होतो तो डेस्कटॉप मनासारखा करण्याचा. खालची पट्टी वर न्यायची, आयकॉन बदलायचे, नवी थीम लावायची. मग प्रश्न पडतो : जाणकाराला विचारून पाच मिनिटांत काम उरकावे, की सुट्टीचा दिवस खर्चून स्वतः शिकावे?

इतके बदल शक्य कसे होतात?

लिनक्समध्ये डेस्कटॉप हा मूळ प्रणालीपासून वेगळा असतो. केडीई प्रकल्प १९९६ मध्ये सुरू झाला, तर ग्नोम १९९७ मध्ये. एकाच संगणकावर दोन्ही ठेवता येतात आणि लॉगिन करताना हवा तो निवडता येतो. पॅनेल, रंग, शॉर्टकट अशा बहुतेक निवडी वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये लपलेल्या असतात. केडीईमध्ये त्या साध्या मजकुराच्या फाइली असतात. ग्नोममधल्या निवडी ‘डीकॉन्फ’ या आज्ञेने मजकुरात उतरवून घेता येतात. म्हणजे त्यांची प्रत ठेवता येते आणि बिघडल्यास जुनी प्रत परत आणता येते. शिकणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे, पण आयते उत्तर घेणाऱ्याला ती माहीतच होत नाही.

आयत्या उत्तरात धोका कोणता?

मार्च २०२४ मध्ये केडीईच्या एका वापरकर्त्याने अधिकृत स्टोअरमधून एक ‘ग्लोबल थीम’ बसवली आणि त्याच्या वैयक्तिक फाइली पुसल्या गेल्या. थीमसोबत आलेल्या स्क्रिप्टमध्ये फाइली कायमच्या काढून टाकणारी ‘आरएम -आरएफ’ ही आज्ञा होती. ती थीम नंतर हटवण्यात आली आणि केडीईने वापरकर्त्यांना सावध केले. अशा थीम कोणीही तयार करून चढवू शकतो आणि त्या केवळ रंग बदलत नाहीत, तर कोडही चालवू शकतात, हे त्यातून अनेकांना पहिल्यांदा कळले.

दुसरे उदाहरण कमी भीतीदायक, पण अधिक नेहमीचे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या ग्नोम ४५ मध्ये एक्स्टेन्शन लिहिण्याची पद्धत बदलली. जुनी एक्स्टेन्शन नव्याने लिहिल्याशिवाय चालेनाशी झाली. आपण काय बसवले आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांना सुधारित आवृत्तीची वाट पाहता आली. ज्यांनी कुणीतरी दिलेल्या आज्ञा एकामागून एक चिकटवल्या होत्या, त्यांना नेमके काय बिघडले हेही सांगता येणे कठीण होते.

मग सगळे स्वतःच शिकावे का?

तसेही नाही. नवख्याचे घोडे अनेकदा नावापाशीच अडते. वर दिसणाऱ्या पट्टीला ‘पॅनेल’ म्हणतात आणि खिडक्या हलवण्याचे काम ‘विंडो मॅनेजर’ करतो, हेच माहीत नसेल तर शोधणार काय? जाणकाराने एक शब्द सांगितला की तीन तासांची पायपीट वाचते. त्यामुळे विचारण्यात कमीपणा काहीच नाही. ‘आधी वाचून या’ असे नवख्याला सुनावणाऱ्यांनाही कुणीतरी पहिला शब्द सांगितलेलाच असतो.

रेषा कुठे आखावी?

विचारायचे की शिकायचे, हे कामाच्या अवघडपणावर ठरवू नये. चूक परत फिरवता येईल का, यावर ठरवावे. पॅनेल, वॉलपेपर, शॉर्टकट यांच्याशी बिनधास्त खेळावे. हे प्रयोग करण्यासाठी संगणकावर वेगळे यूजर खाते उघडावे. सजावटीच्या बहुतेक निवडी त्या खात्यापुरत्याच राहतात आणि बिघडले तर खाते काढून टाकता येते.

‘सुडो’ने सुरू होणारी आज्ञा मात्र संपूर्ण प्रणालीला हात घालू शकते. ग्राफिक्स ड्रायव्हर, लॉगिन स्क्रीन, संगणक सुरू होण्याची प्रक्रिया यांना हात लावण्यापूर्वी विचारावे, नंतर नव्हे. लिनक्स मिंटमधले ‘टाइमशिफ्ट’ प्रणालीची जुनी अवस्था परत आणते, पण मूळ सेटिंगमध्ये ते वैयक्तिक फाइली वगळते. म्हणून फोटो आणि कागदपत्रांची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर हवीच, आणि प्रयोग करताना तो ड्राइव्ह संगणकाला जोडलेला नसावा.

विचारायचे तर कसे?

‘माझा डेस्कटॉप चालत नाही’ या प्रश्नाला उत्तर नसते. कोणते लिनक्स, कोणता डेस्कटॉप, कोणती आवृत्ती, काय करून पाहिले आणि पडद्यावर नेमका कोणता संदेश आला, हे सांगावे. मिळालेली आज्ञा चालवण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : ही काय करते? आणि नको झाले तर मागे कसे फिरायचे? बहुतेक आज्ञांचे वर्णन संगणकावरच ‘मॅन’ लिहून पुढे आज्ञेचे नाव दिले की वाचता येते. एआय चॅटबॉटकडून आलेल्या उत्तरालाही हीच चाळणी लावावी. जुन्या आवृत्तीची आज्ञा तो तितक्याच ठामपणे देऊ शकतो.

मदत करणाऱ्यांवरही एक जबाबदारी येते. आज्ञेसोबत तिचा अर्थ एका ओळीत सांगायला अर्धा मिनिट लागतो. तेवढे केले तर पुढच्या वेळी तोच माणूस तोच प्रश्न घेऊन येत नाही. कदाचित दुसऱ्या कुणाला तोच समजावून सांगतो.

अनेक घरांत संगणक एकच असतो. दहावीची स्कॅन केलेली गुणपत्रिका, बहिणीचा अर्धवट प्रोजेक्ट, आजोबांचे फोटो, सगळे त्याच हार्डडिस्कवर असते. तिथे सुंदर थीमसाठी एंटर दाबण्याआधी ती ओळ नीट वाचायला हवी. वाचून कळली नाही, तर तेव्हाच कुणाला तरी विचारावे.