फोर-के पाहिजेच का?

कुपवाड एमआयडीसीतली पाळी संपवून बाप घरी येतो, तर पोरगं व्हिडिओ गेमपुढं हट्ट धरून बसलेलं: "पप्पा, ह्या टीव्हीवर मजा नाही. फोर-के घ्या." बोनस हाती यायच्या आधीच त्याला वाट फुटते. तेव्हा आईबापांनी जरा हिशेब पाहावा.

फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके असतात. फोर-केवर त्याच्या चौपट, ८३ लाख. परंतु ते डोळ्यांना दिसायला नकोत का? ३२ इंची फुल एचडी टीव्हीपासून पाच-सहा फुटांवर बसले, की चांगल्या नजरेलाही ठिपके सुटे दिसत नाहीत. मग चौपट करून काय मिळते? तेवढ्याच अंतरावर ५५ इंची पडदा असेल, तर मात्र फरक दिसतो, हे कबूल.

खेळात खरा भाव वेगाला. सेकंदाला ३० ऐवजी ६० चित्रे आली, की हाताला पडद्याची साथ मिळते. प्लेस्टेशन ५ वरच्या कित्येक खेळांत ठिपके कमी करून वेग वाढवायची सोयच दिलेली आहे. निन्टेन्डोचा २०१७ चा स्विच तर फोर-के देतच नाही. तरी तो १५ कोटींवर खपला.

बटण दाबल्यावर पडद्यावरचा गडी उशिरा हलत असेल, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' आहे का बघा. त्याला पैसे पडत नाहीत.