भोंगा गप्प करण्याआधी

मॉरिसव्हिलहून जॉर्डन लेक तसा जवळच. मागच्या जुलैत एका मित्राच्या बोटीतून तिथे गेलो होतो. तीन कुटुंबं, पाच मुलं, डब्यात थालीपीठं. बरोबर मध्यावर असताना इंजिनाचा बझर सलग वाजायला लागला.

मित्र निवांत होता. "काही नाही रे, सेन्सर गेलाय. मागच्या वेळी वायर काढली तर लगेच गप्प झाला. नंतर परत जोडली."

माझा वाद आहे तो या वाक्याशी. बऱ्याच आउटबोर्ड इंजिनांत तापमानाचा सेन्सर म्हणजे एक साधा स्विच असतो. सिलिंडर हेड ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं की तो बंद होतो, सर्किट पूर्ण होतं आणि बझर वाजतो. वायर काढली की सर्किट तुटतं. मग इंजिन गार असो की पेटायच्या बेतात, बझर गप्पच बसणार! दोन्ही वेळा एकच उत्तर देणाऱ्या चाचणीतून कळतं काय?

आम्ही वेग उतरवला, न्यूट्रलला आणलं आणि मागे पाहिलं. हे इंजिन तलावाचंच पाणी ओढून थंड होतं, आणि त्यातली एक बारीक धार मागून बाहेर पडत असते. त्या दिवशी नुसते थेंब पडत होते. इंजिन बंद केलं, नांगर टाकला, इंजिन वर उचललं. पाणी आत घेणाऱ्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी चिकटली होती. ती काढली, अर्धा तास थांबलो. पुन्हा चालू केल्यावर धार जोरात आली, बझर वाजला नाही. धार आली नसती तर पुढचा संशयित पंपातला रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर. पाण्याविना मिनिटभर चालला तरी तो खराब होऊ शकतो, आणि पंप वर्षानुवर्षं पडून राहिला तर त्याची पाती वाकलेलीच राहतात.

सेन्सर खरंच बिघडू शकतो, हे मान्य. पण ते तपासायचं घरी, ट्रेलरवर, इंजिनाला होजने पाणी देऊन. इन्फ्रारेड थर्मामीटरने हेडचं तापमान बघा. ते मॅन्युअलमधल्या मर्यादेत असूनही बझर वाजत असेल, तर मग वायर काढा. आवाज थांबला तर सेन्सर दोषी. नाही थांबला, तर वायर कुठेतरी घासून इंजिनाच्या धातूला टेकली असेल, किंवा तोच बझर ऑइल प्रेशर कमी झाल्याचं सांगत असेल. वायर तीच, काढायचीही तशीच. पण तापमान आधी मोजलं, म्हणून आता तिला चाचणी म्हणता येतं.

उलटी बाजू जास्त धोक्याची. या साध्या स्विचची वायर आपोआप तुटली तर बझर कधीच वाजणार नाही. किल्ली फिरवल्यावर येणारी 'बीप' बझर जिवंत असल्याचं सांगते, सेन्सरपर्यंतची वायर शाबूत असल्याचं नाही.

ही सवय फक्त हौशी लोकांची नाही. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मवर स्फोट होऊन ११ जण गेले. तिथल्या मुख्य इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञाने चौकशीत सांगितलं, की खोट्या इशाऱ्यांनी रात्री झोपमोड होऊ नये म्हणून सर्वसाधारण अलार्म आपोआप वाजणार नाही असा करून ठेवला होता.

'सेन्सर खराब' हे निदान आपल्याला आवडतं, कारण त्यात सहल मोडावी लागत नाही. म्हणूनच ते सगळ्यात शेवटी करावं. मित्राला हे पटलंय असं वाटतं. परवा त्याच्या गॅरेजमध्ये नवा इम्पेलर दिसला, आणि शेजारी उघडं पडलेलं मॅन्युअल.