यादीत नसलेलं सामान

सायकलवरून मुक्कामी भटकंतीला निघायचं तर बरोबर काय काय घ्यावं, याच्या याद्या आता हव्या तितक्या मिळतात. तंबू, पथारी, हवेचा पंप, पंक्चरचं सामान, टॉर्च, स्टोव्ह. याद्या कामाच्या आहेत. पण वाचताना दर वेळी जाणवतं, की यादी करणाऱ्याला रस्त्याच्या कडेला कुठेही उभं राहून लघवी करता येते, आणि तो दोन रात्री बाहेर राहिला तर घरातली चूल बंद पडत नाही. यादी पुरुषाची आहे, फक्त वर तसं लिहिलेलं नाही.

माझं म्हणणं असं, की ही यादी आपण आपल्यासाठी नव्याने करावी आणि त्यातलं महागडं सामान एकेकीने न घेता गटाने मिळून घ्यावं. ही चैन नाही, हे संघटनेचं काम आहे.

‘पाणी, रोजगार, मारहाण हे प्रश्न समोर असताना सहली कसल्या काढता?’ असं आमच्याच बैठकीत विचारलं गेलं. प्रश्न रास्त आहे. पण बीड भागातल्या ऊसतोड कामगार बायका दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि पुढचे कित्येक महिने फडाजवळच्या कोप्यांमध्ये काढतात. म्हणजे उघड्यावर झोपणं बाईला नवं नाही. पोटासाठी झोपली तर कोणाला काही वाटत नाही. स्वतःच्या मर्जीने, आनंदासाठी झोपली, की सात जणी बरोबर असल्या तरी लोक विचारतात, ‘एकट्याच?’ प्रश्न उघड्यावर झोपण्याचा नसून मर्जीचा आहे, आणि तो आपल्या कामाच्या बाहेरचा कसा म्हणायचा? तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो स्त्रिया सायकल शिकल्या, तेव्हा त्यांची टिंगल झालीच होती. लेडीज सायकली पुरेनात म्हणून त्यांनी दांडीच्या सायकलीही चालवल्या. अक्षरओळखीइतकंच स्वतःच्या बळावर हिंडता येणं महत्त्वाचं आहे, हे त्या मोहिमेने ओळखलं होतं.

गेले दोन हिवाळे आमच्या गटातल्या बायका अलिबागहून रेवदंडा, काशीद, मुरुड आणि आगरदांड्याहून तरीने पलीकडे दिघी, श्रीवर्धन अशा जातात. रोजचे चाळीस-पन्नास किलोमीटर. घरकाम करणाऱ्या दोघी आपल्या रोजच्या बिनगिअरच्या सायकलीवर आल्या, चढ आला की उतरून ढकलत चालल्या. डर्व्हला मर्फी ही आयरिश बाई १९६३ साली आयर्लंडहून भारतापर्यंत सायकलवर आली, तीही गिअर काढून टाकून. तेव्हा भारी सायकल नाही म्हणून कोणी मागे राहू नये.

मात्र काही गोष्टींत तडजोड नको. पहिली सीट. बायकांची बसायची हाडं सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त अंतरावर असतात, त्यामुळे शर्यतीच्या सायकलीची अरुंद सीट टोचते, सोलवटते. रुंद सीट बसवून घ्या. उंची अशी ठेवा, की पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकली तर पाय सरळ व्हावा. पॅडची चड्डी घालणार असाल तर आत दुसरी चड्डी नको, शिवणीने कातडी घासते. हे कुणी सांगत नाही, कारण लाज वाटते.

ओझं पाठीवर घेऊ नका. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवा. जड वस्तू तळाशी, दोन्हीकडे वजन सारखं. वरचं सामान जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळा. लोंबणारी दोरी किंवा ओढणी चाकात गेली तर बाई तोंडावर पडते. पाना, टायर काढायचे लिव्हर, पॅच, सोल्युशन, एक जादा ट्यूब आणि हातपंप घ्या, पण त्याआधी निदान तिघींनी पंक्चर काढायला शिका. हे काम हाती आलं की रस्त्याची निम्मी भीती जाते.

तंबू दोघींचा, स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा घ्यावा. तो ओट्यावर किंवा शाळेच्या व्हरांड्यातही लागतो, खुंट्या ठोकाव्या लागत नाहीत. झोपताना जाळीची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर श्वासाच्या वाफेने पहाटे आतून पाणी गळतं. थंडी जमिनीतूनही येते. पांघरूण कितीही जाड असलं तरी खाली सतरंजी नसेल तर उपयोग नाही.

आता पाणी. वाटेत आडोसा मिळणार नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. शाळेतल्या मुलींपासून बाजारात बसणाऱ्या बायकांपर्यंत हेच आहे. सायकल चालवताना हे फार महागात पडतं. चक्कर येते, लघवीला जळजळ होते. म्हणून आमच्या यादीत पाण्याच्या बाटल्यांच्या लगेच खाली एक जुनी चादर असते. दोघींनी धरली की आडोसा झाला. सोबत खुरपं. शौचासाठी विहीर-ओढ्यापासून निदान साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा करून नंतर बुजवावा. पाळी चालू असेल तर कप सोयीचा, बारा तासांपर्यंत चालतो. पॅड वापरणारीने वापरलेले पॅड घट्ट पिशवीत परत आणावेत, पुरू नयेत.

सुरक्षिततेचं काय, हे सगळेच विचारतात. दिव्याआधी मुक्काम गाठणं, मागे लाल दिवा, फोन चार्ज केलेला आणि ११२ हा नंबर प्रत्येकीला पाठ, एवढं आम्ही पाळतो. तरी एका गावात लॉजवाल्याने ‘बरोबर जेन्ट्स कोणी नाही का?’ असं विचारून खोल्या नाकारल्या. त्या रात्री तिथल्या बचत गटाच्या एका ताईंनी आपलं अंगण दिलं. रीतसर पैसे देऊन आम्ही जेवलो, आणि रात्री उशिरापर्यंत त्यांच्या सुना-मुली आळीपाळीने सायकल चालवत होत्या. तेव्हापासून मुक्काम आम्ही असाच आधी कळवून ठरवतो. तिखटाची पूड खिशात असण्यापेक्षा गावात ओळखीच्या चार बायका असणं जास्त भरवशाचं, असा माझा अनुभव आहे.

राहता राहिलं घर. आमच्यातली एक जण दोनदा नाव देऊन आली नाही. सासूचं पथ्याचं जेवण कोण करणार, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. तिसऱ्यांदा आम्ही तिच्या नवऱ्याला आणि मुलाला बसवून तीन दिवसांचं कामाचं वाटप कागदावर लिहून घेतलं. ती आली. तेव्हापासून आमच्या यादीतला पहिला प्रश्न असतो, ‘घरी कोण काय करणार?’ तंबू त्यानंतर.

म्हणून प्रत्येक गटाने निदान दोन तंबू, चार जोड पिशव्या, एक पंप आणि दुरुस्तीचा डबा सामायिक खर्चाने घ्यावा आणि वाचनालयातल्या पुस्तकांसारखा वहीत नोंद करून फिरवावा. वर्षाच्या अंदाजपत्रकात प्रशिक्षण शिबिरासाठी रक्कम असते, तशी यासाठीही असावी. नाहीतर ज्यांच्या हातात पैसा आहे त्याच बायका बाहेर पडतील आणि बाकीच्या त्यांचे फोटो बघतील. तुमच्या गटाची यादी वेगळी असेल, डोंगरातली, दुष्काळी भागातली, शहरातली. ती जरूर लिहून पाठवा. त्या एकत्र केल्या तर पुढच्या हिवाळ्यात निघणाऱ्या बायकांना उपयोगी पडतील.