मूल नसणे हा गुन्हा नव्हे; टोमणा मात्र हिंसाच!

पाथर्डी-शेवगाव भागातून आमच्याकडे ज्या भगिनी येतात, त्यांच्या कागदावर बहुधा एकच शब्द असतो : पोटगी. कागद बाजूला ठेवून बाईला बोलते केले की दुसरीच कहाणी बाहेर पडते. लग्नाला सात-आठ वर्षे झाली, मूल नाही. झोप लागत नाही, घास उतरत नाही, कुणाशी बोलावेसे वाटत नाही, जगून काय करायचे हाच विचार. नवऱ्याची तपासणी झाली का, असे विचारले तर सोबत आलेली आत्याबाई म्हणते, "पुरुषाला कशाला तपासायचं, वकीलसाहेब?"

ही आपलीच माणसे आहेत. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब आहेत. १९५६ नंतर देव्हारे गेले, नवस गेले. 'वांझ' हा शब्द मात्र घरातच राहिला. विहारात शेजारी बसून वंदना घेणारी बाई नामकरणाला हिला बोलवत नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात मूल न होणाऱ्या बायकोला आठव्या वर्षी डावलून दुसरी करण्याची मुभा आहे. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळला गेला. मग आमच्या घरात हे आठवे वर्ष कोण मोजते आहे?

सावित्रीमाईंना मूल नव्हते. याच नगरला मिस फॅरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतलेल्या माईंना घराण्याने टोचले नसेल काय? जोतीरावांवर दुसऱ्या लग्नासाठी दबाव आला, त्यांनी साफ नकार दिला. काशीबाई या विधवेच्या मुलाला, यशवंतला, दोघांनी दत्तक घेतले. जयंतीला माईंच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या सासऱ्यांनी हे सुनेला सांगितले आहे का?

जगात दर सहा माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले. माणसांत, नुसत्या बायकांत नव्हे. कारण पुरुषातही असते, दोघांतही असते. गर्भनलिकांना क्षयरोग झाला तरी मूल राहत नाही, आणि क्षयरोग आपल्या वस्त्यांना नवा नाही. वीर्याची तपासणी ही तर सगळ्यांत सोपी आणि स्वस्त तपासणी. तीच टाळली जाते, आणि बाईला एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरवले जाते.

समाजाला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ याच्या कलम ३ मध्ये मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून बाईचा अपमान करणे, टिंगल करणे ही हिंसा आहे, असे स्पष्ट लिहिले आहे. मारहाणीचा वळ दाखवावा लागत नाही. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते. मूल होत नाही एवढ्यावरून घटस्फोट मिळत नाही, आणि पहिली नांदत असताना दुसरी करणे हा बौद्धांनाही गुन्हाच आहे.

पण कोर्टाच्या हुकुमाने झोप येत नाही. दोन-दोन आठवडे मन असेच काळवंडलेले राहिले तर तो आजार समजावा. त्याला औषध आहे, समुपदेशन आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार हा हक्क केला आहे. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीत, फुकट बोलता येते. महिला मंडळांनी हा आकडा विहाराच्या फळ्यावर लिहावा.

आमच्याकडच्या एका प्रकरणात नवरा अखेर तपासणीला गेला. दोष त्याच्यात निघाला. सासूने त्या दिवसापासून टोमणे बंद केले. सुनेची औषधे अजून चालू आहेत.