इमानी आवाजाची खरेदी

मध्यमवर्गीय घरात वस्तू दोन दारांनी येतात. काही गरजेच्या दाराने येतात: मिक्सर, पंखा, कपडे धुण्याचे यंत्र. काही हौसेच्या दाराने येतात. आणि हौसेच्या वस्तूची उंबरठ्यावर जेवढी उलटतपासणी होते तेवढी गरजेच्या वस्तूची कधीच होत नाही. पंखा घेताना ‘कशाला?’ असे कोणी विचारत नाही. पण गाणे ऐकण्यासाठी ५० हजारांची यंत्रे घ्यायची म्हटली, की घरातल्या प्रत्येकाला एकाएकी अर्थशास्त्र अवगत होते. ‘मोबाईलवर ऐकू येतं की!’ ही पहिली हरकत. ती खोटी नाही. मोबाईलवर ऐकू येते. लग्नाच्या फोटोत पंगतही दिसते. पोट तेवढे भरत नाही.

आता मराठीच्या मास्तराने या विषयात तोंड का घालावे, असे कोणी विचारील. तर मी आपला माझ्या धंद्याप्रमाणे शब्दापासून सुरुवात करतो. ‘हाय-फाय’ हे ‘हाय फिडेलिटी’चे लाडके रूप. फिडेलिटी म्हणजे निष्ठा. आपल्या साध्या भाषेत, इमान. म्हणजे हाय-फाय यंत्र हे गोड आवाजाचे यंत्र नव्हे, मोठ्या आवाजाचे तर नव्हेच नव्हे. ते इमानी यंत्र. गाणाऱ्याने जे गायले आणि मुद्रण करणाऱ्याने जे टिपले, ते पदरचे काही न घालता आणि काही न चोरता आपल्यापुढे ठेवणारे. पदरचा गोडवा घालणाऱ्या यंत्राला भाट म्हणावे. दुकानात भाटच अधिक खपतात, कारण पहिल्या पाच मिनिटांत तेच कानाला सुखावतात.

हे इमान घरात किती मोलाचे असते ते सांगतो. आमच्या कॉलेजातील गणिताचे एक प्राध्यापक अलीकडे निवृत्त झाले. वहिनी लग्नापूर्वी गाणे शिकत होत्या. पुढे संसाराच्या रगाड्यात ते सुटले. उरल्या सहा कॅसेटी. बुवा शिकवताना जे गात ते त्यांत उतरवून घेतलेले. बुवा जाऊनही कैक वर्षे झाली. मुलाने हौसेने त्या कॅसेटी संगणकात उतरवल्या आणि टीव्हीवर लावून दिल्या. वहिनींनी दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाल्या, ‘बंद कर रे ते. हे आमचे बुवा नव्हेत. आणि तंबोरा कुठाय? नुसती झिणझिण चाललीय.’ मुलाला वाटले, कॅसेटी गेल्या. प्राध्यापकांना वाटले, हिचे कान गेले. दोन्ही शाबूत होते. मधले यंत्र बेइमान होते.

याचे कारण साधे आहे. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकमध्ये असला तर त्याची कंपने सेकंदाला सुमारे १३९ होतात. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९च्या आसपास. इतका खालचा सूर हवेत उमटवायचा तर बरीच हवा ढकलावी लागते. आजकालचा टीव्ही पाटीसारखा सपाट. त्याच्या पोटात हवा ढकलणाऱ्या स्पीकरला जागाच नाही. मोबाईलचे तर बोलायलाच नको. मग तारेचा वरचा झंकार तेवढा पोचतो आणि खालचा भरणा गळून जातो. जवारीची झिणझिण उरते, भोपळा नाहीसा होतो. गवयाच्या आवाजाचेही तेच. बुवांची छाती काढून घेतली, नाक तेवढे ठेवले. वहिनींनी त्यांना कसे ओळखावे?

प्राध्यापकांनी मग रीतसर खरेदीचा बेत केला. रक्कम ठरली ५० हजार. त्यापुढे एक रुपया नाही. या बेतात मी सल्लागार होतो, आणि जे ठरले ते पहिल्यांदाच असे काही घेणाऱ्या कोणत्याही घराला उपयोगी पडावे म्हणून मांडतो.

या संसारात तीन माणसे असतात. गाणे जिथून निघते तो उगम. त्याला बळ देणारा ॲम्प्लिफायर. आणि प्रत्यक्ष बोलणारे दोन स्पीकर. चौथे माणूस कोणी मोजत नाही, ते म्हणजे आपली खोली. पैसा कोणाला किती द्यावा, हाच सारा प्रश्न.

जुन्या शौकिनांचा कौल ‘आधी उगम’ असा होता. स्कॉटलंडमधल्या लिन या कंपनीने १९७०च्या दशकात हा मंत्र जगभर नेला, आणि तबकडीच्या जमान्यात त्यात तथ्य होते. सुईने खाचेतून जे उचलले नाही ते पुढे कोणीही परत आणू शकत नाही. उगमापाशी आटलेली नदी खाली धरण बांधून वाहत नाही. पण १९८२ साली सीडी आली. तिने एका सेकंदाच्या आवाजाची ४४,१०० मापे घेऊन ती आकड्यांत मांडली, आणि तेव्हापासून उगम दिवसेंदिवस स्वस्त होत गेला. आज घरातल्या मोबाईलला किंवा संगणकाला आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी काड्यापेटीएवढी डबी जोडली (तिला ‘डॅक’ म्हणतात) की तीन-चार हजारांत उगमाचे काम चोख होते. तेव्हा आजचा कौल उलटा: आधी स्पीकर.

तबकड्यांचे वेड हल्ली तरुणांत पुन्हा आले आहे. त्यांना माझे सांगणे एवढेच, की घरात तबकड्या असतील तरच टर्नटेबलच्या वाटेला जावे. ते एकटे येत नाही. सुई येते, सुईच्या क्षीण आवाजासाठी वेगळा फोनो ॲम्प्लिफायर येतो, आणि ५० हजारांच्या बेतात स्पीकरचा वाटा खाऊन टाकतो. आजोबांच्या लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असतील तर आणखी जपावे. त्यांची खाच रुंद असते, एलपीची सुई तिला चालत नाही. आणि नव्या टर्नटेबलांपैकी अनेकांना ७८ची गतीच नसते.

आता स्पीकर. इथे कागदाचा किंवा तशाच हलक्या वस्तूचा पडदा प्रत्यक्ष हलून हवा ढकलतो. म्हणून इथली काटकसर लगेच कानाला कळते. पण मोठा स्पीकर म्हणजे चांगला स्पीकर, ही समजूत सोडावी. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी हवाबंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखे राबवून दाखवले, आणि कपाटाएवढ्या खोक्याचे काम पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीत आणले. पुढे १९७०च्या दशकात बीबीसीने फिरत्या ध्वनिमुद्रणाच्या गाडीतील अडचणीच्या जागेसाठी एलएस३/५ए नावाचा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर तयार केला. माणसाचा आवाज माणसासारखा येतो की नाही, ही त्याची परीक्षा होती. शौकीन आजही त्याचे नाव आदराने घेतात. आपल्या १० बाय १२च्या दिवाणखान्याला पाच-सहा इंची पडद्याची अशी फळीवरची जोडी पुरे. ती साठ-पासष्ट हर्ट्झपर्यंत नीट उतरली, की काळी एकची खर्जाची तार हाती लागली.

मोठे स्पीकर लहान खोलीत आणले तर खोलीच बोलू लागते. बंद माठात तोंड घालून बोलल्यावर आवाज घुमतो ना, तसेच. १२ फुटी भिंतींच्या मध्ये सुमारे ४७ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो, १० फुटींच्या मध्ये ५६चा. ज्या सुरांना खोली स्वतःच घुमवते ते सूर स्पीकरने आणखी जोरात पुरवणे म्हणजे बोलघेवड्या पाहुण्याला ‘आणखी सांगा’ म्हणण्यासारखे आहे.

ॲम्प्लिफायरच्या बाबतीत वॅटच्या आकड्यांना भुलू नये. एके काळी आपल्या बाजारात ‘पीएमपीओ’ नावाचे मोठे प्रस्थ होते. हातात मावेल अशा खोक्यावर हजार हजार वॅट छापलेले असत. हिशेब असा: स्पीकरच्या कागदावर ८६ डेसिबल लिहिले असेल तर त्याचा अर्थ १ वॅट दिल्यावर १ मीटरवर तेवढा आवाज. साधे संभाषण ६०च्या आसपास चालते. म्हणजे एका वॅटमध्येच शेजारच्या काकू दार ठोठावतील. ५०चे १०० वॅट केले तर वाढतात केवळ ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. १९७८ साली आलेल्या एनएडी ३०२० या ॲम्प्लिफायरवर फक्त २० वॅट लिहिलेले होते, आणि बेताच्या पैशांत चांगले गाणे ऐकणाऱ्यांचा तो लाडका झाला. खरे ३०-४० वॅट घरासाठी भरपूर आहेत. कागदावर ‘आरएमएस’ पाहावे आणि ४ की ८ ओहमच्या स्पीकरसाठी ते विचारावे.

दुकानाची पायरी चढताना, मग ते मुंबईचे लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, आपले गाणे आपण घेऊन जावे. दुकानदाराच्या गाण्यावर त्याचे यंत्र नेहमीच छान वाजते. आपल्याला पाठ असलेला एखादा आवाज, शक्य तर वाद्यांच्या गर्दीवाचून, तोच प्रत्येक जोडीवर लावावा. आणि दोन जोड्या एकाच पातळीवर ऐकाव्यात. थोडा मोठा आवाज कानाला नेहमी अधिक चांगला भासतो. विक्रेत्याचे बोट बटणावर कुठे जाते तिकडे लक्ष असू द्यावे. डोळे मिटले तर फारच उत्तम. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी तेच स्पीकर लोकांना एकदा दाखवून आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले, तेव्हा पसंतीचे गुण बदलले. स्पीकरचे रूप आणि नाव पाहून कानांनी आधीच मत बनवले होते. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात चहा-पोहे मध्ये येतात, तसाच हा प्रकार.

जुनी वस्तू घ्यायलाही हरकत नाही; पण स्पीकरच्या पडद्याभोवतीची कड हलके बोट लावून पाहावी. ती फोमची असेल तर काही वर्षांनी भुगा होते, आणि आपल्या दमट हवेत तर ती कसोटी आधी घ्यावी. रबराची कड टिकते.

प्राध्यापकांचा जमाखर्च शेवटी असा झाला: स्पीकर २८ हजार, ॲम्प्लिफायर १२, डॅक ४, स्टँड आणि तारा ३, सतरंजी व जाड पडदे ३. तारांसाठी विजेच्या दुकानातली जाड तांब्याची दोन पदरी तार घेतली; चार मीटरसाठी तेवढी पुरते. फक्त तांबडे टोक तांबड्याला आणि काळे काळ्याला, दोन्ही बाजूंना. एका बाजूला उलट झाले तर दोन स्पीकर एकमेकांची हवा खातात आणि खर्ज नाहीसा होतो. सतरंजीवर मात्र घरात वाद झाला. गाण्याच्या यंत्रात सतरंजी कुठून आली, असा मुलाचा प्रश्न. पण फरशी, उघड्या भिंती आणि काचेची खिडकी यांवरून आदळून आलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो, आणि तीन हजारांच्या सतरंजी-पडद्यांनी जे साधते ते तीस हजारांच्या तारेने साधत नाही. पुस्तकांनी भरलेले कपाट असेल तर तेही मदत करते. मराठीच्या मास्तराला एवढे समाधान पुरे.

स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घेतले. दोन स्पीकर आणि बसणारा यांचा समभुज त्रिकोण केला. गणिताच्या माणसाला हे सांगावे लागले नाही. लहान पडदे बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे ठेवले. मग बुवांची पहिली कॅसेट लागली. टेपची खरखर होती; ती राहणारच, इमानी यंत्र तीही लपवत नाही. वहिनी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांच्या उजव्या हाताची बोटे मांडीवर चालू लागली. तार छेडावी तशी, एकामागून एक, न थांबता. प्राध्यापकांनी खिशातला हिशेबाचा कागद घडी करून परत ठेवला.

मुलगा मला जिन्यात म्हणाला, ‘सर, पाच हजारांच्या हेडफोनमध्ये याहून बारकावे ऐकू येतात.’ त्याचे म्हणणे बरोबर आहे. पैशाच्या मानाने हेडफोनइतके इमानी यंत्र दुसरे नाही, आणि ज्याच्यापाशी पाचच हजार आहेत त्याने बेलाशक तेच घ्यावेत. पण ते एका माणसाचे यंत्र आहे. चौघे चार खोल्यांत कान झाकून बसली, की घरात गाणे चार वेळा वाजते आणि ऐकू कोणालाच येत नाही. आईची बोटे मांडीवर चालताना पाहायची, तर आवाज खोलीत यावा लागतो.

तेव्हा यंदा ज्यांच्या घरी अशी जोडी येणार असेल त्यांनी तिचा मुहूर्त दिवाळीच्या पहाटेच करावा. अभ्यंगस्नान झालेले असावे, फराळाची ताटे यायची असावीत, टीव्ही बंद असावा. सतरंजीवर बसून भैरव लावावा. आणि तो फार मोठ्याने नको, समोर गवई बसला असता जेवढा आला असता तेवढाच. शेजाऱ्यांनी त्याच वेळी लवंगी माळ लावली तर पाच मिनिटे थांबावे. फटाक्यांवर अजून कोणत्याही कंपनीने उपाय काढलेला नाही.