क्लब कुणाचा, हा प्रश्न बातमीत का नसतो?

लखनौच्या के. डी. सिंग ‘बाबू’ स्टेडियममध्ये २ सप्टेंबर २०२४ रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे कोलकात्याचे परंपरागत प्रतिस्पर्धी समोरासमोर आले. उत्तर प्रदेशच्या राजधानीत ही लढत प्रथमच होत होती. ‘मुख्यमंत्री चषक’ या नावाने झालेला हा प्रदर्शनीय सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये ईस्ट बंगालने ३-२ अशी बाजी मारली. क्रिकेटवेड्या शहरात फुटबॉलने पाऊल टाकले, याचे स्वागत झाले आणि ते रास्तही होते. परंतु पंधराच दिवसांपूर्वी, १८ ऑगस्टला, याच दोन संघांचा ड्युरँड चषकातील सामना कोलकात्यात रद्द झाला होता. आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर तरुणीवरील अत्याचार आणि हत्येच्या निषेधार्थ दोन्ही संघांचे पाठीराखे, आणि त्यांच्यासोबत मोहमेडन स्पोर्टिंगचेही, सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र आले आणि त्यांच्यावर पोलिसांनी लाठीमार केला. जन्मभर एकमेकांविरुद्ध घोषणा देणारे लोक त्या दिवशी एका मागणीसाठी उभे होते.

ती घटना देशभर गाजली, कारण तिला राजकीय धार होती. हेच पाठीराखे जेव्हा आपल्या क्लबच्या मालकांविरुद्ध उभे राहतात, तेव्हा मात्र राष्ट्रीय माध्यमांची भाषा बदलते. आंदोलनाची नोंद होते, त्यातला प्रश्न गळून पडतो. हा प्रश्न फुटबॉलपुरता मर्यादित नाही. ज्या संस्था लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या उभ्या केल्या, त्या खासगी भांडवलाच्या ताब्यात गेल्यावर त्यांच्यावर लोकांचा काही हक्क उरतो की नाही, हा तो प्रश्न आहे.

लखनौशी या कथेचा संबंध केवळ एका सामन्यापुरता नाही. त्या दिवशी मैदानात उतरलेल्या संघाचे अधिकृत नाव ‘मोहन बागान सुपर जायंट’ असे होते. यातला ‘सुपर जायंट’ कोलकात्याचा नाही. संजीव गोएंका यांच्या आरपीएसजी समूहाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ७,०९० कोटी रुपयांची बोली लावून आयपीएलमधील लखनौचा संघ मिळवला आणि त्याचे नाव ‘लखनौ सुपर जायंट्स’ ठेवले. त्याआधी २०१६ आणि २०१७ या दोन हंगामांत याच समूहाचा संघ पुण्याच्या नावाने ‘सुपरजायंट’ म्हणून खेळला होता. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या आणि इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या संघालाही हेच नाव मिळाले. व्यापारी दृष्टीने यात वावगे काही नाही. एका समूहाने आपली ओळख सर्वत्र सारखी ठेवावी, हे व्यवस्थापनशास्त्राला धरूनच आहे. अडचण एवढीच की पुणे, लखनौ किंवा डर्बनचे संघ कोऱ्या पाटीवर जन्माला आले. मोहन बागानची पाटी १८८९ पासून लिहिलेली होती.

या क्लबने २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. बहुतांश अनवाणी खेळणाऱ्या भारतीयांनी बूट घातलेल्या इंग्रज पलटणीला नमवले, ही घटना क्रीडा इतिहासाइतकीच स्वातंत्र्यलढ्याच्या स्मृतीचा भाग आहे. २०२० मध्ये आरपीएसजी समूहाने या क्लबच्या फुटबॉल कंपनीत ८० टक्के भाग घेतला आणि आपल्या आधीच्या ‘एटीके’ या संघाशी त्याचे विलीनीकरण केले. ‘एटीके’चा जन्म २०१४ चा. नव्या संघाचे नाव ठरले ‘एटीके मोहन बागान’. सहा वर्षांच्या संघाचे नाव १८८९ च्या क्लबच्या आधी लागले. तेव्हापासून ‘एटीके हटवा’ ही मागणी समाजमाध्यमांवर, क्लबच्या तंबूबाहेर आणि गॅलरीतल्या फलकांवर सुमारे तीन वर्षे टिकून राहिली.

या तीन वर्षांचे वार्तांकन पाहिले तर त्याचे तीन साचे दिसतात. पहिला साचा भावनेचा. पाठीराखे ‘भावुक’ झाले, ‘दुखावले’ गेले, असे लिहिले की त्यांच्या म्हणण्यातला युक्तिवाद तपासण्याची गरज उरत नाही. नाव, बोधचिन्ह आणि रंग यांची मालकी करारानुसार कुणाकडे गेली, जुन्या सभासदांच्या क्लबकडे उरलेल्या २० टक्क्यांचा प्रत्यक्ष अर्थ काय, निर्णयाआधी सभासदांना विचारले गेले का, हे सारे प्रश्न दस्तऐवजांवर आधारित आहेत. भावनेच्या बातमीला दस्तऐवज लागत नाहीत.

दुसरा साचा कायदा आणि सुव्यवस्थेचा. २१ जुलै २०२१ रोजी ईस्ट बंगालच्या मैदानाबाहेर जमलेल्या पाठीराख्यांवर पोलिसांनी लाठीमार केला. वाद होता श्री सिमेंट या गुंतवणूकदार कंपनीशी करायच्या अंतिम कराराचा. क्लबचे पदाधिकारी त्यावर स्वाक्षरी करत नव्हते आणि स्वाक्षरी करा, असे म्हणणारा पाठीराख्यांचा मोठा गट रस्त्यावर होता. विरोधी मताचेही लोक तिथे होते. म्हणजे हे आंदोलन भांडवलाविरुद्ध नव्हतेच. ते क्लब चालवणाऱ्यांच्या उत्तरदायित्वाविषयी होते. परंतु दृश्यांमध्ये दिसली ती धावपळ आणि काठ्या. करारातल्या कोणत्या अटींवरून हा वाद पेटला, हे समजून घ्यायला राष्ट्रीय वाचकाला बरेच शोधावे लागले असते.

तिसरा साचा सर्वांत सूक्ष्म आहे, तो उदारतेचा. १८ मार्च २०२३ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर संघाने बेंगळुरू एफसीला पेनल्टी शूटआउटमध्ये ४-३ असे हरवून इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळवले आणि लगेचच गोएंका यांनी जाहीर केले, की पुढील हंगामापासून नावातले ‘एटीके’ जाईल. बातमीचा सूर असा, की विजयाच्या क्षणी मालकाने चाहत्यांना भेट दिली. तीन वर्षे लावून धरलेली मागणी अशा रीतीने देणगी ठरली. आणि एका व्यापारी नावाच्या जागी त्याच समूहाचे दुसरे व्यापारी नाव आले, या तपशिलाला जल्लोषात जागा उरली नाही. हक्क आणि कृपा यांतला भेद बातमीत पुसला गेला, की तो लोकांच्या मनातूनही हळूहळू पुसला जातो.

याउलट मालकाचा राग किती ठळक दिसतो, याचे उदाहरण लखनौनेच पुरवले. ८ मे २०२४ रोजी हैदराबादेत सनरायझर्सने लखनौचे १६६ धावांचे लक्ष्य एकही गडी न गमावता ९.४ षटकांत पार केले. सामना संपताच मैदानावर गोएंका कर्णधार के. एल. राहुलशी आवेशाने बोलताना कॅमेऱ्यात दिसले. त्या काही क्षणांच्या, आवाज नसलेल्या चित्रफितीवर कित्येक दिवस चर्चा झडल्या. मालकाने खेळाडूशी चारचौघांत कसे वागावे, हा विषय चर्चेला योग्यच होता. पण एका मालकाच्या हातवाऱ्यांचा अर्थ लावण्यात जी चिकाटी दिसली, ती हजारो पाठीराख्यांनी स्वच्छ अक्षरांत लिहिलेले फलक वाचण्यात दिसली नाही.

हे एखाद्या पत्रकाराच्या आळसामुळे घडते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारण रचनेत आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये व्यावसायिक हक्क पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना आयएमजी-रिलायन्सला दिले आणि त्यातून इंडियन सुपर लीग उभी राहिली. प्रारंभी स्टार ही वाहिनी लीगच्या उभारणीत भागीदार होती आणि प्रक्षेपकही. २०२३ पासून प्रक्षेपण रिलायन्स समूहातील व्हायकॉम१८ कडे गेले आणि २०२४ च्या नोव्हेंबरात दोन्ही माध्यमसमूह एकत्र आले. म्हणजे स्पर्धा भरवणारा आणि ती दाखवणारा यांच्यात फारसे अंतर कधी नव्हतेच. क्लबांचे मालकही बडे जाहिरातदार असतात. काहींची स्वतःची प्रकाशने आहेत. ‘ओपन’ हे साप्ताहिक आरपीएसजी समूहाचे आहे. यावरून कुणी बातमी दडपली, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. पण मालक, आयोजक, प्रक्षेपक आणि जाहिरातदार एका वर्तुळात असतील, तर त्या वर्तुळाबाहेरचा एकमेव घटक म्हणजे तिकीट काढून आलेला प्रेक्षक. त्याचे म्हणणे मांडणे हे मग पत्रकारितेचे अधिकच निकडीचे काम ठरते.

इंग्लंडचा अनुभव येथे उपयोगी आहे, आणि तोही भाबडेपणाने पाहू नये. २ मे २०२१ रोजी मँचेस्टर युनायटेडचे चाहते ग्लेझर कुटुंबाच्या मालकीविरुद्ध ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. प्रक्षेपकाच्या स्टुडिओत त्या दिवशी चर्चा झाली ती क्लबवरच्या कर्जाची, मालकांनी काढलेल्या पैशांची. युरोपियन सुपर लीगचा बेत दोनच आठवड्यांपूर्वी फसला होता आणि त्या बेताने प्रक्षेपकांचे हितही धोक्यात आले होते, हे विसरता येणार नाही. तरीही चर्चा मालकीपर्यंत पोहोचली. पुढे सरकारने चाहत्यांच्या दृष्टीतून आढावा घेतला आणि २०२५ मध्ये स्वतंत्र फुटबॉल नियामक स्थापन करणारा कायदा झाला. क्लबचे नाव, बोधचिन्ह आणि रंग यांना त्यात संरक्षण आहे. जर्मनीत तर बहुतांश क्लबांमध्ये निम्म्याहून अधिक मताधिकार सभासदांकडे राहावा, असा नियमच आहे. तिथल्या लीगने बाहेरचा गुंतवणूकदार आणायचे ठरवताच प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला.

भारतात या दिशेने चाहूल लागलेली दिसते. डिसेंबर २०२४ मध्ये केरळ ब्लास्टर्सच्या ‘मंजप्पडा’ या पाठीराख्यांच्या संघटनेने व्यवस्थापनाविरुद्ध तिकिटांवर बहिष्काराची भूमिका घेतली; पाठोपाठ क्लबला चाहत्यांचे सल्लागार मंडळ नेमण्याची घोषणा करावी लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मोहन बागानच्या पाठीराख्यांनी पुन्हा निषेध केला. आशियाई स्पर्धेच्या सामन्यासाठी संघ सलग दुसऱ्या वर्षी इराणला गेला नव्हता आणि स्पर्धेतून बाद ठरला होता. खेळाडूंच्या सुरक्षेचा मुद्दा खोटा नव्हता. पण असा निर्णय कुणी, कशाच्या आधारे घेतला, हे विचारण्याचा अधिकार पाठीराख्यांना आहे की नाही, हा मुद्दाही खोटा नव्हता.

मालकांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. सभासदांनी निवडलेल्या पदाधिकाऱ्यांनी कोलकात्याचे क्लब आदर्शवत चालवले, असे म्हणण्याचे धाडस कुणी करणार नाही. मोठ्या गुंतवणुकीविना लीगमध्ये टिकणे अशक्य होते. आरपीएसजीच्या काळात मोहन बागानने विजेतेपदे मिळवली. २०२४-२५ मध्ये लीग शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले. शिवाय गर्दी नेहमी शहाणी नसते. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात १६ प्रेक्षकांनी प्राण गमावले, ही जखम कोलकाता विसरलेले नाही. पण भांडवल आवश्यक आहे म्हणून ते प्रश्नातीत आहे, असे होत नाही. भांडवल निघूनही जाते. पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाला मिळाली. तेव्हा बातमी झाली ती व्यवहाराची. ज्यांनी पाच हंगाम बालेवाडीची गॅलरी भरली त्यांचे काय, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

२०२५ ने हा धोका साऱ्या देशासमोर आणला. आयोजक कंपनीने जुलैत लीग स्थगित केली, डिसेंबरमध्ये पंधरा वर्षांचा करार संपला आणि नव्या हक्कांसाठी काढलेल्या निविदेला मुदतीत एकही बोली आली नाही. महासंघ, कंपनी, क्लब, खेळाडू, न्यायालय अशा साऱ्यांची नावे त्या बातम्यांत होती. पाठीराखे पक्षकार म्हणून कुठेच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र महासंघाच्या घटनेला मान्यता देताना, सप्टेंबर २०२५ मध्ये, क्रीडासुविधा आणि संधी शहरी धनिकांच्या हाती एकवटू नयेत, असे बजावले. त्या निकालपत्राने खेळाला समाजाच्या मालमत्तेच्या नजरेने पाहिले. माध्यमांनी निदान तेवढी नजर उसनी घ्यायला हरकत नाही.

त्यासाठी फार मोठे काही करावे लागणार नाही. क्लबच्या कराराची प्रत मागावी. नाव आणि बोधचिन्ह कुणाच्या मालकीचे, हे वाचकाला सांगावे. बातमी देणाऱ्या संस्थेचा क्लब, लीग किंवा प्रक्षेपकाशी आर्थिक संबंध असेल, तर एका ओळीत तो जाहीर करावा. आणि निदर्शनांच्या वृत्तात पोलिसांच्या आकड्याआधी निदर्शकांची मागणी लिहावी.

१३ डिसेंबर २०२५ रोजी लिओनेल मेस्सीच्या भेटीचा बोजवारा उडाला आणि सॉल्ट लेकमध्ये संतप्त प्रेक्षकांनी खुर्च्या फेकल्या. वाहिन्यांनी ती दृश्ये दिवसभर दाखवली. हजारो रुपये मोजून आलेल्यांना मेस्सी दिसलाच नाही, ही तक्रार देशाने ऐकली, पण खुर्च्या तुटल्यानंतर. तीन वर्षे शांतपणे फलक धरणाऱ्यांना आणि एका दुपारी खुर्च्या फेकणाऱ्यांना माध्यमे जे वेगवेगळे मोल देतात, त्यातून उद्याचा पाठीराखा काय शिकेल, याचा विचार संपादकांनी करायला हवा. लखनौचा संघ अजून तरुण आहे. तिथला चाहता आज केवळ ग्राहक असेल. वीस-तीस वर्षांनी तोही वारसा सांगू लागेल आणि एखाद्या दिवशी नाव बदलले म्हणून रस्त्यावर येईल. त्या दिवशीच्या बातमीत त्याची मागणी कितव्या ओळीत असेल, हे आज पडणाऱ्या पायंड्यावरून ठरणार आहे.